अपंगत्वाचा विषय पदवीच्या वर्गात

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील एका तरतुदीकडे शिक्षणक्षेत्राचे लक्ष अद्याप पुरेसे गेलेले नाही. शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्या अभ्यासक्रमांत अपंग व्यक्तींच्या हक्कांचा समावेश व्हावा, ही जबाबदारी या कायद्याच्या ३९ व्या कलमाने शासनावर टाकली आहे. कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आणि उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागांविषयी अधूनमधून बोलले जाते. अभ्यासक्रमाविषयी बोलले जात नाही. मुंबई विद्यापीठाच्या फाउंडेशन कोर्समध्ये पहिल्या वर्षी विषमतेच्या प्रकरणात अपंगांच्या प्रश्नांना थोडी जागा मिळाली होती, हे खरे. परंतु प्रकरणाचा एक तुकडा म्हणजे विषय नव्हे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात मुक्त वैकल्पिक विषयांना आता स्थान मिळाले आहे. तेथे अपंगत्व हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवावा काय, आणि शिकवायचा तर कोणत्या दृष्टीने, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

हा विचार भिवंडीसारख्या गावापासून सुरू करणे सर्वांत सोयीचे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सात लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर यंत्रमागांवर उभे आहे. येथील महाविद्यालयांत मागावर राबणाऱ्यांची मुले आहेत, तशी मागांच्या मालकांची, व्यापाऱ्यांची आणि महामार्गालगतच्या गोदामांत काम करणाऱ्यांचीही आहेत. उद्या याच वर्गांतून मुनीम, हिशेबनीस, कारखानदार आणि नगरसेवक निघणार. अपंगत्व म्हणजे दैवाचा घाला, फार तर वैद्यकाचा प्रश्न, अशी यांची समजूत असेल, तर ती याच गावातील वस्तुस्थितीशी जुळणारी नाही.

मागाच्या हिशेबात न येणारा खर्च

धोट्याच्या मागावर अपंगत्व कसे तयार होते, हे गुपित नाही. धोटा उसळून बाहेर आला तर डोळा जातो. पट्ट्यात किंवा चाकात हात सापडला तर बोटे जातात. कान मात्र असे एका क्षणी जात नाहीत. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा कारखानाविषयक नियमांनी घातली. धोट्याच्या मागांच्या शेडमधील आवाज ती सहज ओलांडतो आणि पाळी बहुधा बारा तासांची असते. लहान लहान तुकड्यांत विभागलेले कारखाने कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात आणि मजुरी मीटरवर असल्याने कामगारही थांबू शकत नाही. वर्षे लोटली की श्रवणशक्ती उतरते.

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने अशा हानीचा तक्ता करून ठेवला होता. अंगठा गेला तर कमाईच्या शक्तीची हानी ३० टक्के. दुसरा डोळा शाबूत असता एक डोळा गेला तर ४० टक्के. तर्जनी गेली तर १४ टक्के. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. मोजण्याची रीत तीच आहे. हा तक्ता निरुपयोगी आहे असे नाही. ज्याला भरपाई मिळते त्याला तो मोठा आधार असतो. पण तो शरीराची किंमत मजुरीच्या मापाने करतो आणि तेथेच थांबतो. उत्तर प्रदेशातून किंवा तेलंगणातून आलेला कामगार ऐकू येईनासे झाल्यावर गावी परततो, तेव्हा त्याच्या पुढील आयुष्याचा भार त्याची पत्नी, आई, मुले उचलतात. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. कापडाच्या मीटरच्या दरात हा खर्च कुठेही धरलेला नसतो. तो खर्च पाहायला शिकविणे हे या विषयाचे पहिले काम होय.

उणीव कोणाची?

या विद्याशाखेचा पाया एका साध्या भेदावर घातला गेला. १९७६ साली ब्रिटनमधील अपंगांच्या एका संघटनेने शरीरातील उणीव आणि समाजाने लादलेले अपंगत्व या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असे मांडले. पाय अधू असणे ही उणीव. कचेरीला पायऱ्याच असल्यामुळे आत जाता न येणे हे अपंगत्व. पहिलीवर इलाज असेल वा नसेल. दुसऱ्याचे उत्तर गवंड्याजवळ आहे. महाराष्ट्राला ही दृष्टी अगदी अपरिचित नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन आणि १९८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेचे कार्य मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्यांचे कौतुक सर्वांनी केले. त्यातून निघणारा प्रश्न मात्र वर्गात कोणी विचारला नाही. तो असा की, जे मिळविण्यासाठी एखाद्या व्यक्तीला असामान्य व्हावे लागते, ते सामान्य नागरिकाला सहज का मिळू नये?

विषयाचा दुसरा भाग मोजणीचा असावा. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख, म्हणजे २.२१ टक्के लोक अपंग असल्याचे सांगितले. त्यांत महाराष्ट्रातील सुमारे २९ लाख ६३ हजार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगाच्या लोकसंख्येपैकी सुमारे १६ टक्के लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे. भारतीय माणूस जगाच्या सातपट धडधाकट आहे, असा याचा अर्थ कोणी करणार नाही. व्याख्या बदलली की संख्या बदलते. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत अपंगत्वाचा दाखला असलेले अपंग केवळ २८.८ टक्के आढळले. त्याच पाहणीप्रमाणे १५ वर्षांवरील अपंगांपैकी काम करणारे वा काम शोधणारे २३.८ टक्के होते. सर्वसाधारण लोकसंख्येत २०१७-१८ मध्ये हे प्रमाण ४९.८ टक्के होते. आकडा कोण आणि कशासाठी मोजतो, हे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला समजावून देण्यास याहून चांगला धडा नाही.

तिसरा भाग दारिद्र्याचा. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे की, अपंग माणसाची अडचण दुहेरी असते. त्याची कमाई कमी होतेच. शिवाय तेवढ्याच पैशात तेवढेच जीवनमान त्याला मिळत नाही. धडधाकट माणूस बसने जातो तेथे त्याला रिक्षा करावी लागते. सेन यांनी उल्लेखिलेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात, अपंग सदस्य असलेल्या कुटुंबांत राहणाऱ्यांपैकी २३.१ टक्के लोक उत्पन्नाच्या मापाने गरीब होते. अपंगत्वामुळे येणारा जादा खर्च हिशेबात घेताच हे प्रमाण ४७.४ टक्के झाले. दारिद्र्यरेषा सर्वांसाठी एकाच उंचीवर आखण्याची आपली सवय किती फसवी आहे, हे या दोन आकड्यांवरून दिसते.

आक्षेप आणि खबरदारी

अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, या विषयाने नोकरी मिळणार नाही आणि शिकवायला तज्ज्ञ कोठून आणावेत, असे तीन आक्षेप घेतले जातील. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात १९७४ मध्ये स्त्री-अभ्यासाचे केंद्र सुरू झाले, तेव्हाही अशा शंका घेण्यास जागा होतीच. पण स्त्री-अभ्यासामुळेच घरातील बिनमोल श्रम अर्थशास्त्राच्या नजरेस आले. अपंगत्वाच्या अभ्यासाचा व्यावहारिक उपयोगही सिद्ध झाला आहे. सार्वजनिक जागा अपंगांना वापरता येण्याजोग्या असाव्यात, यासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी जो निर्णय दिला, त्याला हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील अपंगत्व अभ्यास केंद्राच्या अहवालाचा आधार होता. तज्ज्ञांचा तुटवडा खरा आहे. मात्र या विषयातील पहिले तज्ज्ञ म्हणजे अपंग माणसेच, आणि ती प्रत्येक गावात आहेत. त्यांना मानधन देऊन, व्याख्याते म्हणून बोलवावे. सत्काराच्या हारासाठी नव्हे.

एक धोका मात्र ध्यानात ठेवावा लागेल. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांना तासभर पट्टी बांधून त्यांना आवारात फिरविण्याचा प्रकार अशा वर्गांत लोकप्रिय होण्याचा संभव आहे. त्यातून अंधत्वाची भीती शिकता येते. पांढऱ्या काठीने वर्षानुवर्षे रस्ता ओळखणाऱ्याचे कौशल्य शिकता येत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधण्यापेक्षा हातात मोजपट्टी द्यावी. महाविद्यालयाचे प्रवेशद्वार, प्रसाधनगृह, ग्रंथालय, गावातील एस.टी. स्थानक आणि रेशनचे दुकान यांतील पायऱ्या, दारांची रुंदी, उताराचे प्रमाण विद्यार्थ्यांनी मोजावे आणि अहवाल प्राचार्यांना व महापालिकेला सादर करावा. ‘अपंग’ म्हणावे की ‘दिव्यांग’, हा वादही वर्गात जरूर व्हावा. पण नाव बदलल्याने जिना उतरत नाही, हेही तेथे सांगितले जावे.

अखेर या विषयाची खरी परीक्षा प्रश्नपत्रिकेने होणार नाही. अनुदानित महाविद्यालयांतील ५ टक्के जागा कायद्याने राखून ठेवलेल्या आहेत. त्या जागांवरील विद्यार्थी दुसऱ्या मजल्यावरील वर्गापर्यंत पोहोचू शकत नसतील, तर त्याच वर्गात त्यांच्या हक्कांवर दिलेले व्याख्यान ही क्रूर थट्टा ठरेल. म्हणून ज्या संस्थेला हा विषय सुरू करावयाचा असेल, तिने पहिला तास तळमजल्यावर घ्यावा आणि मागाच्या आवाजाने ज्याचे कान गेले, अशा एखाद्या बापाच्या मुलाला त्या तासाला घरचा हिशेब मांडू द्यावा. तो हिशेब या शहराने आजवर कधी मांडलेला नाही.