निष्क्रिय खात्यातून परत आलेली भाषा

१४ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियात सार्वमत झाले. तिथल्या मूळ रहिवाशांच्या सल्लागार मंडळाला घटनेत स्थान द्यावे का, हा प्रश्न होता. सुमारे ६० टक्के मतदारांनी नकार दिला. सहाही राज्यांचा कौल तोच होता. आता या समाजांनी कशाच्या आधारावर उभे राहायचे? उत्तर शोधताना आम्हाला ॲडलेडच्या अलित्या रिग्नी या विदुषींचे काम महत्त्वाचे वाटते.

ॲडलेड शहर काउर्ना लोकांच्या भूमीवर वसले आहे. त्यांची भाषा रोजच्या व्यवहारातून गेली. अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या मानल्या जाणाऱ्या इवारिची १९२९ मध्ये वारल्या. मागे उरले ते मुख्यतः दोन जर्मन मिशनऱ्यांनी १८४० मध्ये छापलेले व्याकरण आणि सुमारे दोन हजार शब्द.

आम्हा बँकवाल्यांना निष्क्रिय खाते ठाऊक असते. त्यात रक्कम असते, पण व्यवहार नसतो. खातेदार स्वतः आल्याशिवाय ते सुरू होत नाही. इथे खातेदार आले. रिग्नी (१९४२–२०१७) या ऑस्ट्रेलियातील पहिल्या आदिवासी महिला मुख्याध्यापिका. काउर्ना प्लेन्स शाळेत त्यांनी मुलांना ही भाषा शिकवण्याची सोय केली. २००२ मध्ये ज्येष्ठ काउर्ना नेते लुईस ओब्रायन आणि भाषातज्ज्ञ रॉब अमेरी यांच्यासह त्यांनी 'काउर्ना वारा पिंट्यांती' हा गट उभारला. भाषेबद्दलच्या विचारणांना उत्तरे देणे, ठिकाणांना नावे सुचवणे, नवे शब्द घडवणे ही त्याची कामे. मेंदू आणि वीज या दोन शब्दांतून त्यांच्याकडे संगणकासाठी शब्द तयार झाला. आपण 'दूरध्वनी' घडवला तसेच हे. आज ॲडलेडच्या व्हिक्टोरिया चौकाच्या नावात 'तार्न्तान्यांगा' आहे आणि टॉरेन्स नदीच्या नावात 'कर्रावीर्रा पारी'.

अर्थात नावाच्या पाटीने घरातले बोलणे परत येत नाही. त्याला शिक्षक लागतात आणि शिक्षकांना पगार लागतो, म्हणजे सरकार लागतेच. घटनेतले स्थान नाकारल्याचे नुकसान म्हणूनच खरे आहे. पण शाळा आणि शब्दकोश आधीच हाती असल्याने काम थांबायचे कारण उरत नाही.

आपल्या मराठीचे बोलणारे कोट्यवधी आहेत. काउर्नाशी तुलना होणार नाही. तरी महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आपल्या घरांत नातवंडे आजीला उत्तर कोणत्या भाषेत देतात, हे प्रत्येकाने पाहावे. खाते चालू असतानाच व्यवहार वाढवणे सोपे असते.