विश्लेषण : उड्डाण घेताच शिकाऊ विमानाचे इंजिन बंद पडले, तर वैमानिक मागे का वळत नाही?

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमाने कोसळली. पहिले १९ तारखेला, दुसरे २२ तारखेला. दोन्ही ‘रेडबर्ड’ या एकाच प्रशिक्षण संस्थेची होती. त्याच वर्षी मे महिन्यात बेळगावच्या सांबरा विमानतळावरून निघालेले याच संस्थेचे विमान शेतात उतरवावे लागले होते. सुदैवाने या तिन्ही घटनांत जीवितहानी झाली नाही. पण असा अपघात झाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो : धावपट्टी इतकी जवळ असताना वैमानिक परत का आला नाही?

उड्डाणाचा क्षण सर्वांत धोक्याचा का?

बहुतेक शिकाऊ विमानांना एकच इंजिन असते. ते बंद पडले तरी विमान दगडासारखे खाली पडत नाही, तरंगत उतरते. प्रशिक्षणासाठी सर्रास वापरले जाणारे सेसना १५२ एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जाते. म्हणजे पाच हजार फुटांवर इंजिन बंद पडले, तर वैमानिकाला जागा शोधायला १३ किलोमीटरच्या आसपास अंतर मिळते. तेच तीनशे फुटांवर घडले, तर जेमतेम ८०० मीटर आणि अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ.

मागे वळले तर काय होते?

वर चढताना विमानाचे नाक वर असते. इंजिनची ताकद जाताच वेग झपाट्याने उतरतो. म्हणून आधी नाक खाली करून वेग राखावा लागतो. त्यातच तीव्र वळण घेतले, तर विमान हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग आणखी वाढतो. ४५ अंशांच्या कलाला ही वाढ सुमारे एक पंचमांश असते. तो वेग नसेल, तर पंखांची उचल संपते आणि विमान गिरकी घेत कोसळते. कमी उंचीवर त्यातून सावरायला जागाच नसते.

शिवाय अर्धे वळण पुरत नाही. तेवढ्याने विमान धावपट्टीच्या बाजूला येते, तिच्या रेषेत यायला आणखी वळावे लागते. म्हणूनच सेसनाच्या पुस्तिकेतही सरळ समोर, दिशेत थोडाच बदल करून उतरण्याची सूचना आहे. पंख सरळ ठेवून शेतात उतरलेल्या विमानाची मोडतोड होईल, पण आतील माणसे वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते.

प्रशिक्षक शेजारी असूनही अपघात का?

दोघांसमोर नियंत्रणे असतात. मात्र चूक विद्यार्थ्याने स्वतः सुधारावी म्हणून प्रशिक्षक थोडा थांबतो. उंचीवर हे योग्य ठरते. उड्डाण घेताना मात्र दोन-तीन सेकंदांचा उशीरही महागात पडतो. त्यामुळे इंजिन बंद पडल्यास काय करायचे आणि विमान कोणी हाती घ्यायचे, हे धावपट्टीवर जाण्यापूर्वीच बोलून ठरवले जाते.

दोष फक्त वैमानिकाचा?

नाही. इंजिन बंद पडू नये, ही जबाबदारी जमिनीवरची आहे. इंधनात पाणी उतरले नाही ना, हे नमुना काढून पाहणे, वेळेवर देखभाल करणे, लहान बिघाडांचीही नोंद ठेवणे हे त्यात येते. बारामतीच्या घटनांनंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) रेडबर्डच्या पाचही तळांवरील प्रशिक्षण थांबवले. त्या वेळी देखभालीतील त्रुटींवरच बोट ठेवले गेले होते.

व्यावसायिक परवान्यासाठी विद्यार्थ्याला २०० तास उड्डाण करावे लागते. २०२५ पासून डीजीसीए प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करू लागले. पहिल्या यादीत एकाही संस्थेला सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही. त्यामुळे प्रवेश घेताना शुल्क आणि तास किती लवकर पूर्ण होतात, एवढेच विचारून भागणार नाही. विमानांची देखभाल कोण करते आणि मागील अपघातांनंतर काय बदलले, हेही पालकांनी विचारायला हवे.