अंधारीच्या तोंडाशी थोडे थांबा

थंडी पडू लागली की वसई-विरारमधील ज्येष्ठांच्या सहली निघतात आणि दवाखान्यात ठरलेला प्रश्न येतो : "डॉक्टर, देवगिरी झेपेल ना?" विचारणाऱ्याच्या मनात दम आणि गुडघे असतात. मला काळजी वाटते ती डोळ्यांची.

माझे ६८ वर्षांचे एक रुग्ण दरवर्षी विरारच्या जीवदानीच्या तेराशेहून अधिक पायऱ्या चढतात. देवगिरीला ते उत्साहाने गेले आणि मनगट मोडून परतले. पडले ते चढावर नव्हे. भुयारात शिरताच, चौथ्या-पाचव्या पायरीवर.

छत्रपती संभाजीनगरजवळचा देवगिरी, म्हणजेच दौलताबाद, ही यादवांची राजधानी. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथेच हलवली. सुमारे २०० मीटर उंचीच्या या डोंगराचा चढ तसा थोडक्यात आटोपतो. पण खंदक ओलांडल्यावर वाट कातळात खोदलेल्या भुयारातून जाते. तिचे नाव 'अंधारी'. काळोख, वळणे आणि कमी-अधिक उंचीच्या पायऱ्या ही शत्रूला चकवण्याची योजना होती. वार्धक्यातील डोळ्यांना ती आजही चकवते.

याचे कारण साधे आहे. वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळसर होते. विशीतल्या दृष्टिपटलावर जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश साठीत पोहोचतो. उन्हातून अंधारात गेल्यावर नजर स्थिरावण्यास तरुणांनाही काही मिनिटे लागतात. ज्येष्ठांना त्याहून अधिक. जुना मधुमेह असेल, तर तळपायांची संवेदना मंदावते आणि पायरीचा अंदाज पायालाही येत नाही.

म्हणून भुयाराच्या तोंडाशी सावलीत पाच-दहा मिनिटे बसावे. उन्हात काळी होणारी चष्म्याची काच आत शिरल्यावरही काही काळ काळीच राहते. साधा चष्मा जवळ ठेवावा. दुहेरी काचेच्या चष्म्यातून खाली पाहताना वाचनाचा भाग डोळ्यांपुढे येतो आणि पायरी धूसर दिसते; अशा वेळी मान पुरती झुकवून पाहावे. विजेरी स्वतःच्या पायांपुढे धरावी, एक हात भिंतीला असावा. प्रोस्टेटच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे बसून उठताना भोवळ येते. उठल्यावर क्षणभर उभे राहून मगच पाऊल टाकावे. चढताना छातीत दडपण आले किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप लागली, तर तेथेच थांबावे.

सोबत जाणाऱ्या मुला-सुनांनो, चढताना तुम्ही एक पायरी मागे राहा, उतरताना एक पायरी पुढे. हात धरून ओढू नका. त्यांना तुमचा खांदा धरू द्या. आई-बाबा "मी येथेच बसतो" म्हणाले, तर आग्रह न करता कोणीतरी त्यांच्यापाशी बसा. खालून दिसणारा चाँद मिनारही डोळे भरून पाहण्याजोगा आहे.

त्या काकांचे मनगट आता जुळले आहे. परवा ते म्हणाले, "डॉक्टर, अंधारी तर आमच्या घरातही आहे." खरेच आहे. रात्री दोन वाजता पलंगापासून संडासापर्यंतची वाट हे प्रत्येक घरातले भुयारच असते, आणि तेथे तर आपण झोपेतून उठून थेट शिरतो. देवगिरीला जाल तेव्हा जाल. त्या वाटेवर एक मंद दिवा मात्र आज रात्रीच लावा.