न्यायासनावरचा वाचक

वाङ्मयाच्या वर्गात चुकीच्या वाचनाची किंमत फारशी नसते. एखाद्या विद्यार्थ्याने कवितेतला उपरोध न ओळखता ती सरळ अर्थाने घेतली, तर दोन गुण जातात. कविता जिथे होती तिथेच राहते. समीक्षक चुकला तर दुसरा समीक्षक त्याचे खंडन करतो. मात्र एक वाचक असा आहे की ज्याच्या वाचनाची अंमलबजावणी होते, ज्याच्या अर्थनिर्णयाने अंक नष्ट करता येतात आणि लेखकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येते. तो वाचक म्हणजे न्यायाधीश. रसिक, आस्वादक, सहृदय यांच्याविषयी आपण मराठीत पुष्कळ लिहिले. या सक्तीच्या वाचकाविषयी मात्र आपल्या समीक्षेने पुरेसा विचार केलेला नाही, असे आम्हांस वाटते.

आणि तरीही मराठी वाङ्मयाचा न्यायालयाशी संबंध जुना आहे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर खटले झाले, १९३४ साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी शिक्षा टळली नाही. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वर अश्लीलतेचा आरोप आला आणि ते निर्दोष सुटले. नवकवितेचा इतिहास शिकवताना या खटल्याचा उल्लेख आपण एका वाक्यात करतो आणि पुढे जातो. न्यायालयाने त्या कविता कशा वाचल्या, हा प्रश्न वर्गात निघत नाही.

चंद्रकांत काकोडकरांचा खटला या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यांची ‘शामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात आली. पुण्यातील दंडाधिकाऱ्यांनी आरोपींना निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाने मात्र लेखक आणि मुद्रक-प्रकाशक यांना दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ साली तेथे निर्दोष ठरले. न्यायालयाची भूमिका अशी होती की कथा समग्र वाचली पाहिजे, आक्षेपार्ह म्हटलेला भागही तपासला पाहिजे, आणि वाङ्मयात स्त्रीपुरुषसंबंधांचा उल्लेख आला एवढ्यावरून तो गुन्हा ठरत नाही. तसे धरले तर तरुणांच्या हाती धार्मिक ग्रंथांखेरीज काही उरणार नाही. कथा श्रेष्ठ होती म्हणून ती सुटली नाही. ती गुन्हा नव्हती, म्हणून सुटली. हा भेद आपण समीक्षकांनी मनावर कोरून घ्यावा असा आहे. न्यायालयाला वाङ्मयीन मूल्य ठरवायचे नसते. गुन्हा आहे की नाही, एवढेच ठरवायचे असते. सामान्य कथेलाही निर्दोष असण्याचा हक्क आहे.

याच विचाराला पुढे नेणारा निर्णय बंगालीतून आला. समरेश बसूंची ‘प्रजापति’ ही कादंबरी १९६७ साली ‘देश’च्या शारदीय अंकात छापली गेली. खालच्या न्यायालयांत शिक्षा झाली आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायाधीशाने प्रथम स्वतःला लेखकाच्या जागी ठेवावे, त्याला काय सांगायचे आहे ते समजून घ्यावे, मग निरनिराळ्या वयाच्या वाचकाच्या जागी उभे राहावे आणि त्यानंतर निर्णय द्यावा, असे त्या निकालपत्राचे सूत्र आहे. आमच्या परंपरेत ज्याला परकायाप्रवेश म्हणतात तो येथे न्यायदानाचा नियम झाला. सहृदयतेची याहून चांगली व्याख्या आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितली असेल.

म्हणूनच २०१५चा निर्णय आम्हांला अधिक अस्वस्थ करतो. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या एका नियतकालिकात पुनर्मुद्रित झाली आणि त्यावरून लातूरच्या न्यायालयात प्रकरण उभे राहिले. ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचले तेव्हा संपादकांनी क्षमायाचना प्रसिद्ध केली होती, हे लक्षात घेऊन त्यांना आणि मुद्रकांना आरोपातून मुक्त करण्यात आले. कवीवरील अश्लीलतेचा आरोप मात्र कायम ठेवण्यात आला; त्याने आपला बचाव खटल्यात मांडावा, असे सांगण्यात आले. समकालीन समाजाचे निकष हीच कसोटी. परंतु कवितेत ऐतिहासिक आणि आदरणीय व्यक्तीचे नाव योजलेले असेल तेव्हा ती अधिक कठोरपणे लागू होते, असे न्यायालयाने म्हटले.

आमचा आक्षेप नम्र पण स्पष्ट आहे. अश्लीलता हा संहितेचा गुण आहे की संहितेत आलेल्या नावाचा? एखादी ओळ सामान्य माणसाच्या तोंडी निर्दोष आणि वंदनीय माणसाच्या तोंडी दोषास्पद ठरत असेल, तर आपण अश्लीलता मोजत नसून अनादर मोजत आहोत. अनादराला कायद्यात जागा द्यायची असल्यास ती विधिमंडळाने उघडपणे द्यावी; दुसऱ्या शब्दाच्या पोटातून ती येऊ नये. शिवाय, कवितेतला ‘गांधी’ हा इतिहासातला गांधी नसून त्याच्या नावाने चाललेल्या व्यवहाराचे रूपक असू शकतो. रूपक म्हणजे काय, हे दरवर्षी फळ्यावर लिहिणाऱ्यांनी हे बोलायला हवे होते. विद्यापीठांच्या मराठी विभागांतून त्या वेळी कितीसा आवाज उठला?

काही मित्र म्हणतात, वाङ्मयाचा न्यायालयाशी संबंधच असू नये. हे मत आकर्षक आहे, पण ते आम्हांला पटत नाही. न्यायालय नसेल तर तिथे रसिकांची सभा भरत नाही, जमाव भरतो. जमाव कारणे देत नाही. न्यायाधीशाला आपला निर्णय कारणांसह लिहावा लागतो, त्यावर अपील होते, पुढचा न्यायाधीश त्याची चूक दाखवतो. उच्च न्यायालयाचे वाचन १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले, ते याच शिस्तीमुळे. आम्ही २०१५च्या निर्णयाशी मतभेद नोंदवू शकतो, तोही त्यात कारणे लिहिलेली आहेत म्हणून.

या शिस्तीची किंमत मात्र लेखक मोजतो. काकोडकरांच्या कथेपासून अंतिम निकालापर्यंत सात वर्षे गेली, तीही पंचवीस रुपयांच्या दंडासाठी. ‘प्रजापति’ला अठरा वर्षे लागली. गुर्जरांच्या बाबतीत आरोप ठेवता येतो की नाही, एवढेच ठरायला पुनर्मुद्रणापासून एकवीस वर्षे लोटली. शिक्षा होवो अथवा न होवो, प्रक्रियाच शिक्षा होऊन बसते. आणि पुढचा कवी लिहिण्यापूर्वीच स्वतःचा न्यायाधीश होतो. न्यायव्यवस्थेने या प्रश्नाकडे स्वतःचा दोष म्हणून पाहावे, असे आम्हांस वाटते.

आपल्या दोषाचे काय? वाङ्मय, कला, विज्ञान यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला अश्लीलतेच्या कलमातून वगळणारी तरतूद १९६९ साली दंडसंहितेत आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्येही ती आहे. हे हित न्यायालयाला कोणी समजावून सांगायचे? ‘प्रजापति’च्या खटल्यात बुद्धदेव बसू यांच्यासारखा कवी-समीक्षक साक्षीला उभा राहिला होता. अशी साक्ष निर्णायक नसते. निर्णय न्यायालयानेच द्यायचा असतो आणि ते योग्यही आहे. पण साक्ष झाली की ती नोंदली जाते, आणि पुढच्या न्यायालयाला ती वाचावी लागते.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच. काकोडकर, समरेश बसू आणि गुर्जर यांच्याविषयीची तीन निकालपत्रे मराठीत आणून पदव्युत्तर वर्गात समीक्षेचे पाठ म्हणून वाचावीत. त्यांच्याशी सहमत व्हावे, भांडावे, पण वाचावीत. आणि उद्या एखाद्या मराठी कवितेवर खटला उभा राहिलाच, तर साक्षीसाठी आलेले बोलावणे परीक्षेच्या कामाचे निमित्त सांगून परत पाठवू नये. न्यायाधीशाने नीट वाचावे अशी अपेक्षा धरण्याचा अधिकार, वाचन शिकवणे हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी आधी कमवायला हवा.