अपूर्णांक शाळेत राहिला, हिशेब बाहेर गेला

भोगवर्धनाचे, म्हणजे जालना जिल्ह्यातल्या आजच्या भोकरदनचे, रहिवासी सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दाने देत होते, त्या शतकांच्या आगेमागे चीनमध्ये ‘नऊ प्रकरणे’ हा गणिताचा ग्रंथ आकाराला येत होता. अपूर्णांक लहान कसा करावा हे त्याच्या पहिल्याच प्रकरणात आहे, आणि ते प्रकरण आहे शेतजमिनीच्या मोजणीचे. तिथे १२/१८ चे २/३ होतात आणि ४९/९१ चे ७/१३. दुसऱ्या उदाहरणासाठी पाढ्यांची फारशी गरज लागत नाही: ९१ मधून ४९ वजा केले की ४२, ४९ मधून ४२ वजा केले की ७, आणि ४२ मधून सात-सात काढत गेले की शेवटी सातच हाती राहतात, तोच सामाईक विभाजक. मोठ्यातून लहान वजा करत जाण्याची हीच युक्ती युक्लिडने सांगितली आणि आर्यभटाच्या ‘कुट्टक’ या रीतीतही तिचाच गाभा आहे. दूरदूरच्या समाजांना ती सापडली, याचे एक कारण वाटणी, सारा आणि व्यापार यांची सर्वत्र सारखीच असलेली गरज हे असावे.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त छेद समान करण्याची रीत दिली, तेव्हा शहाण्याने आधी दोन्ही छेदांचे अपवर्तन, म्हणजे सामाईक विभाजकाने संक्षेप, करून मगच गुणावे, असे सुचवले. क्रम महत्त्वाचा आहे. संक्षेप त्यांच्या लेखी उत्तरानंतरची साफसफाई नव्हती, श्रम वाचवणारी पूर्वतयारी होती. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख जालन्याच्या उत्तरेला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

पुढे हे ज्ञान संस्कृतातून पंतोजींच्या शाळेत उतरले ते पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी अशा पाठांतराच्या रूपाने. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, शेराच्या सोळा छटाका असलेल्या जगात चार आण्यांची पावली आणि आठ आण्यांची अधेली हे ४/१६ आणि ८/१६ यांचे संक्षिप्त रूपच होते, तेही खिशात खुळखुळणारे. निजामाच्या राज्यात असलेल्या जालन्याच्या मोंढ्यात आणखी एक गुंता होता: निजामाचा हाली शिक्का आणि इंग्रजांचा कलदार. ढोबळमानाने सात हाली म्हणजे सहा कलदार, हे गुणोत्तर अडत्याला शिकवावे लागत नसे. अर्थात त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पंतोजींची शाळा मूठभर मुलग्यांची होती, मुली आणि दलितांना तिचे दार बंद होते, आणि पाठ म्हणणाऱ्याला त्यामागचे कारण कळेलच याची खात्री नव्हती.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पुढच्या वर्षापासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली. सुधारणा योग्यच होती आणि तिने सामान्य माणसाची फसवणूक कमी केली. पण मोजमाप सोपे करणारी प्रत्येक सुधारणा कुठल्या तरी कौशल्याच्या पायाखालची जमीन काढून घेते, आणि त्या कौशल्याला नवा आधार देण्याचे काम मागे राहते. दशांशाने व्यवहार जिंकला आणि अपूर्णांक पुस्तकात उरला. आता मुले त्याला वरखाली काटण्याची क्रिया समजतात. १६/६४ मधले दोन्ही सहा खोडून १/४ लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळतात, कारण उत्तर खरोखरच बरोबर येते. त्याच रीतीने २६/६२ चे २/२ झाले की मग शिक्षक चमकतो.

विचित्र हे की जालना जिल्ह्यात अपूर्णांकाचा व्यवहार संपलेला नाही. सातबारा हेक्टर-आरमध्ये असला तरी बांधावरचे बोलणे एकर-गुंठ्यांतच चालते. तीन एकरांच्या चार वाटण्या झाल्या की प्रत्येकाला तीस गुंठे येतात, आणि ३०/४० न म्हणता घरातले सगळे पाऊण एकर म्हणतात. शेत बटईने देताना हिस्साच ठरतो. आणेवारीची पैसेवारी झाली, पण पिकाला रुपयाचा भाग म्हणून मोजण्याची पद्धत तीच राहिली, आणि या अवर्षणप्रवण मुलखात ती वर्षानुवर्षे निर्णायक ठरली. समजा, कापणी प्रयोगाच्या तुकड्यात ८० किलो अपेक्षित असताना ३६ किलोच धान्य निघाले. ३६/८० म्हणजे ९/२०, म्हणजे ४५ पैसे, पन्नासच्या आत. याच पन्नास पैशांच्या रेषेवर आजवर जमीन महसुलातील सूट ठरत आली आणि गावातल्या विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्कमाफीही. चौथी-पाचवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना हे उदाहरण फळ्यावर मांडायला कोणत्याही नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहावी लागत नाही. तलाठ्याकडची आकडेवारी पुरते.