जुलाबांची नोंदच नाही, मग साथ कळणार कशी?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रोड परिसरात जीबीएस, म्हणजे गिया-बारे सिंड्रोमचे पेशंट अचानक वाढले. या आजारात हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. एरवी वर्षभरात लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार. इथे काही आठवड्यांत आकडा शंभरावर गेला.

हे लक्षात आलं ते हॉस्पिटलमध्ये पेशंट दाखल झाल्यावर. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. तो आधी पोट बिघडवतो, जीबीएस साधारण एक ते तीन आठवड्यांनी येतो. म्हणजे खरी सूचना जुलाबांनीच दिली होती. पण आपण जुलाब झाले की कुठे जातो? कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे, नाहीतर सरळ मेडिकलमध्ये. साथींच्या नोंदीसाठी २०२१ पासून आयएचआयपी हे सरकारी पोर्टल आहे, पण खासगी दवाखान्यांतून तिथे फारच तुटपुंजी माहिती पोचते.

गंमत म्हणजे, पोलिओमुळे एक चांगली यंत्रणा आपल्याकडे आहेच. १५ वर्षांखालच्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला, की डॉक्टरने कळवायचं आणि नमुना तपासायचा. मोठी माणसं मात्र या जाळ्याबाहेर. पुण्यात त्यांची संख्याही बरीच होती.

आणि पाणी? संशय नांदेड गावाला पाणी पुरवणाऱ्या विहिरीवर गेला. हे गाव महापालिकेत येऊन तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती.