तबकडी सापडली, गाणाऱ्याचं काय?

व्हॅश्टी बन्यन यांनी १९९७ मध्ये घरी कॉम्प्युटर घेतला आणि एकदा सहज इंटरनेटवर स्वतःचं नाव शोधून पाहिलं. या ब्रिटिश गायिकेची ‘जस्ट अनदर डायमंड डे’ ही एलपी १९७० साली निघाली होती. ती खपली जवळजवळ नाहीच. बाईंनी ते इतकं मनाला लावून घेतलं की गाणंच सोडलं, आणि पुढचं आयुष्य स्कॉटलंड-आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत जनावरं आणि मुलं सांभाळण्यात घालवलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र भलतंच चित्र होतं. अनोळखी माणसं ती रेकॉर्ड धुंडाळत होती आणि मूळ प्रत हाती लागली तर चांगले पैसे मोजायला तयार होती.

त्या रेकॉर्डची जन्मकथाही विलक्षण आहे. डोनोव्हन या तेव्हाच्या लोकप्रिय गायकाने स्कॉटलंडच्या स्काय बेटाच्या परिसरात जमीन घेतली होती आणि तिथे कलावंतांची वस्ती उभी राहणार होती. १९६८ मध्ये बन्यन आणि त्यांचा जोडीदार लंडनहून घोडागाडीतून तिकडे निघाले. मुक्काम करत, मिळेल ते काम करत, मजल दरमजल दीडेक वर्ष हा प्रवास चालला. ते पोचेपर्यंत डोनोव्हन तिथून निघून गेला होता आणि वस्तीचं स्वप्नही विरलं होतं. उरली ती वाटेत सुचलेली गाणी. जो बॉइड या निर्मात्याने १९६९ च्या अखेरीस ती लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केली. निक ड्रेक या गायकाच्या गाण्यांना तंतुवाद्यांची साथ रचणारा रॉबर्ट कर्बी इथेही होता. जात्यावरची ओवी जशी कुणाला ऐकवण्यासाठी नसते, तशी ही गाणी स्वतःशीच गायलेली वाटतात. ढणढणाटाच्या त्या काळात ती कुणाच्या कानावर पडली नाहीत यात नवल नाही. २००० मध्ये ही एलपी पुन्हा निघाली आणि २००५ मध्ये, तब्बल पस्तीस वर्षांनी, बन्यन यांचा दुसरा अल्बम आला.

अशा कथा गेल्या पंचवीस वर्षांत इतक्या आल्या की त्यांचा साचाच पडला आहे. रेकॉर्ड आपटते, गायक दिसेनासा होतो, धूळ खात पडलेल्या ढिगातून कुणी हौशी संग्राहक ती उपसून काढतो, नवी आवृत्ती निघते, पांढऱ्या केसांचा गायक रंगमंचावर येतो आणि लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. कथा गोड आहे, आणि पुष्कळदा खरीही. अडचण एवढीच की या साच्याचा नायक रेकॉर्ड शोधून काढणारा असतो. जिने ती केली, ती बाई दुसऱ्या अंकात ‘शोध लागलेली वस्तू’ म्हणून येते.

मुळात इतक्या रेकॉर्ड हरवल्या का, याचं उत्तर फारसं गूढ नाही. १९६७ च्या आसपास सायकेडेलिक संगीताची लाट आली. मादक द्रव्यांच्या धुंदीतला अनुभव स्वरांत पकडू पाहणारं हे संगीत. त्यात उलटी फिरवलेली टेप आली, खरखरणारी गिटार आली, बऱ्यावाईट हातांनी छेडलेली सतारही आली. बीटल्सला मिळालेलं यश पाहून कंपन्यांनी दिसेल त्या लांब केसवाल्याशी करार केले. रेकॉर्ड थोड्या छापल्या, जाहिरात केली नाही, आणि सहा महिन्यांत मागणी दिसली नाही तर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. तो सगळा व्यवहार जुगाराचा होता. हरलेले पत्ते टेबलाखाली पडले, तेच आता लोक वाकून गोळा करताहेत.

कधीकधी तर छापतानाच घात झाला. कॅलिफोर्नियात दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या लिंडा पर्हॅक्स यांची गाणी तिथे येणाऱ्या लेनर्ड रोझनमन या चित्रपट-संगीतकाराने ऐकली आणि १९७० मध्ये ‘पॅरलेलोग्रॅम्स’ हा अल्बम निघाला. छापील रेकॉर्डचा आवाज इतका सपाट निघाला की पर्हॅक्स यांनी ती ऐकून फेकून दिली आणि त्या दवाखान्यातल्या कामाकडे परतल्या. नव्वदच्या दशकात एका संग्राहकाने तो अल्बम पुन्हा काढला तेव्हा पर्हॅक्स कुठे आहेत हेच त्याला ठाऊक नव्हतं. पुढे त्या भेटल्या, त्यांच्याकडच्या मूळ टेप मिळाल्या आणि अल्बम जसा हवा होता तसा लोकांनी ऐकला. कलावंताचा पत्ता काढणं म्हणजे सौजन्याचा भाग, असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात घ्यावं. इथे तो पत्ता लागल्यामुळे संगीतच सुधारलं.

या साच्यातली सर्वांत गाजलेली कथा रॉड्रिगेझची. डेट्रॉइटच्या या गायकाचे ‘कोल्ड फॅक्ट’ आणि ‘कमिंग फ्रॉम रिअॅलिटी’ हे दोन अल्बम १९७० आणि १९७१ मध्ये अमेरिकेत साफ पडले आणि तो इमारती पाडण्या-बांधण्याच्या मजुरीवर गेला. इकडे वर्णभेदी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत त्याची गाणी तरुणांच्या तोंडी बसली होती. त्याने रंगमंचावर आत्महत्या केली अशी अफवाही तिथे पक्की झाली होती. चाहत्यांनी शोध घेतला, तो जिवंत निघाला आणि १९९८ मध्ये तिथे जाऊन भरगच्च सभागृहांत गायला. ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ हा त्यावरचा २०१२ चा माहितीपट. पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळालं.

माहितीपट देखणा आहे, पण त्याने एक गोष्ट चतुराईने वगळली. रॉड्रिगेझ ऑस्ट्रेलियात लोकप्रिय होता आणि १९७९ व १९८१ मध्ये तिथे दौरे करून आला होता. हे सांगितलं असतं तर ‘जगाने पूर्ण विसरलेला माणूस’ ही कथा लंगडी पडली असती. दुसरी गोष्ट चित्रपटाने विचारली, पण उत्तर न मिळवताच सोडली: दक्षिण आफ्रिकेत इतक्या रेकॉर्ड विकल्या गेल्या, तर पैसे कुणाच्या खिशात गेले? गाणाऱ्याला त्यातलं काही मिळालं नव्हतं. २०२३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी रॉड्रिगेझ गेला. चित्रपटामुळे उतारवयात त्याला मोठमोठे कार्यक्रम मिळाले आणि चार पैसेही मिळाले, हे मान्य. तरी उमेदीच्या वर्षांतल्या रॉयल्टीचा हिशेब त्याने चुकता होत नाही.

पैशांआधी नाव येतं. १९९६ मध्ये न्यूयॉर्कहून ‘कंबोडियन रॉक्स’ नावाचा संग्रह निघाला. एका पर्यटकाने कंबोडियात विकत घेतलेल्या कॅसेटींवरून तो केलेला होता. गाणी अफलातून, साठ-सत्तरच्या दशकांतल्या नॉम पेन्हमधलं रॉक, ख्मेर गळ्याच्या हरकती आणि अमेरिकी गिटार एकत्र. पण वेष्टनावर ना गाण्याचं नाव, ना गाणाऱ्याचं. ऐकणाऱ्यांनी पुढे एकेक आवाज ओळखत ती यादी भरून काढली, तेव्हा कळलं की त्यात सिन सिसामुथ आणि रोस सेरेसोथिया यांचे आवाज होते. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज राजवटीत हे दोघेही नाहीसे झाले. ज्यांना एका राजवटीने मिटवून टाकलं, त्यांचे आवाज निनावी विकले गेले. विकणाऱ्याचा हेतू वाईट नसेलही. हयगय मात्र अक्षम्य आहे. भारतातल्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर गौहरजानसारख्या गायिका गाणं संपताच स्वतःचं नाव पुकारत, कारण परदेशातल्या कारखान्यात कुठली तबकडी कुणाची हे कळायला हवं. तेवढी काळजी १९०२ मध्ये घेता येत होती.

एक कबुली इथे या छंदाच्या भोक्त्यांनी द्यायला हवी. दुर्मीळ म्हणजे उत्तम, हे समीकरण खोटं आहे. विस्मृतीत गेलेल्या रेकॉर्डपैकी बऱ्याच तिथे जाण्याच्याच लायकीच्या होत्या. गिटार बेसूर, कविता बालिश, आणि किंमत केवळ प्रती कमी म्हणून चढलेली. लिलावात मिळालेला भाव आणि गाण्याची प्रत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तरच या उत्खननाला काही अर्थ उरतो.

मुंबईचा या कथेशी संबंध आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. १९७० च्या सुमारास इंडिया टोबॅको कंपनीने आपल्या ‘सिमला’ सिगारेटच्या प्रचारासाठी ‘सिमला बीट’ ही अखिल भारतीय बँड स्पर्धा भरवली. अंतिम फेरीला देशभरातली पोरं मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात जमत. मद्रासचे ‘कन्फ्यूजन्स’, बंगळूरचे ‘डायनॉसॉर्स’, कलकत्त्याचे ‘ग्रेट बेअर’, शिलाँगचे ‘फेनटोन्स’. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांतल्या बँडच्या गाण्यांच्या दोन एलपी निघाल्या. काही गाणी परदेशी बँडची नक्कल आहेत, काही स्वतःची. आयात वाद्यांवर जबर कर होता, म्हणून कित्येक बँड अॅम्प्लिफायर इथेच कुणाकडून तरी बनवून घेत. त्यातून येणारा कडकडाट ऐकताना ही मुलं काय करू पाहत होती ते लख्ख कळतं. या दोन एलपींना आज परदेशातले संग्राहक मान देतात, तिथे त्यांच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या. महाराष्ट्रात त्यांची नावं ठाऊक असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत.

मुंबईच्या ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडची गत आणखी बोलकी आहे. त्यांचं सत्तरच्या दशकातलं ध्वनिमुद्रण ‘ऑब्सेशन ७७’ या नावाने बाजारात आलं ते थेट १९८१ मध्ये. तोवर बँड मोडला होता. पुढे ती एलपी जगभरच्या दुर्मीळ रेकॉर्डच्या बाजारात महागड्या वस्तूंपैकी एक होऊन बसली, आणि २०११ मध्ये तिची नवी, वाढीव आवृत्ती काढली ती ‘नाऊ-अगेन’ या अमेरिकी कंपनीने. या बँडचा गायक मधुकर चंद्र दास हा १९७४ च्या अॅलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये येशू होता. त्याच नाटकातला जुडास म्हणजे नंदू भेंडे, आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा. मराठी प्रेक्षकाला नंदू भेंडे आठवतो तो १९७८ च्या ‘तीन पैशाचा तमाशा’तला अंकुश म्हणून. पुलंचं रूपांतर आणि जब्बार पटेलांचं दिग्दर्शन असलेल्या त्या नाटकात रॉकचा जो ठसका आला, तो मुंबईच्या इंग्रजी बँडांत घसा तापवून आलेला होता. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या बँडांना तळटीपेइतकी तरी जागा मिळायला हरकत नव्हती.

पत्ता शोधून दार ठोठावण्याचं काम नीट झालं, तर काय होतं हेही मुंबईतच दिसलं. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी त्यांनी सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. रेकॉर्ड पडली. २००२ मध्ये ती एदो बाऊमन या डच संग्राहकाला दिल्लीत मिळाली. तो मुंबईत सिंग यांच्या घरी जाऊन भेटला आणि २०१० मध्ये नवी आवृत्ती निघाली. शिकागोत ज्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताला पुढे अॅसिड हाउस म्हणू लागले, तसलं काहीतरी या गृहस्थांनी आधीच वाजवून ठेवलं होतं, या शोधाने युरोप चकित झाला. सत्तरी ओलांडलेले सिंग तिथल्या महोत्सवांत वाजवून आले. २०१५ मध्ये ते वारले. पाचेक वर्षंच मिळाली, पण मिळाली ती त्यांच्या हयातीत.

आता या रेकॉर्डच्या हक्कांबद्दल. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. म्हणजे १९७० मध्ये प्रकाशित झालेली तबकडी २०३१ उजाडताच कुणीही छापू शकेल. (गाण्याच्या शब्दांवर आणि चालीवर हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, ते वेगळं.) २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण दिलं, पन्नास वर्षांपूर्वीच्या करारांना ते कितपत लागू होतं हा वकिलांचा प्रांत. पण नाव छापायला, पत्ता काढायला आणि चेक लिहायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. ज्या कंपन्यांनी या रेकॉर्ड काढल्या त्यांनी आपल्या कपाटात कुठल्या टेप शिल्लक आहेत त्याची यादी जाहीर करावी, आणि प्रत्येक गाण्यासमोर वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहावं.

हे काम कसं करायचं, त्याचा नमुना घरातच आहे. १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या मंडळींनी नाट्यसंगीताच्या आणि शास्त्रीय गायनाच्या तबकड्यांच्या सूच्या क्रमांकानिशी केल्या, गायकांची चरित्रं खणून काढली, आणि तेही पदरमोड करून. बालगंधर्वांच्या वाट्याला आलेली ती चिकाटी इलेक्ट्रिक गिटारच्या वाट्याला आली नाही, कारण ते ‘आपलं’ संगीत नाही असं ठरून गेलं होतं. सिमला बीटमध्ये विशी गाठलेली मुलं आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. २०३१ पासून हक्क मोकळे होऊ लागले की परदेशी कंपन्या या रेकॉर्ड सुबक वेष्टनात काढतीलच. त्या वेष्टनावर कुणी काय वाजवलं ते लिहायचं असेल, तर विचारायला माणसं आहेत तोवर ते विचारून ठेवावं लागेल.